नव्याचे नऊ दिवस आणि नंतरचे सहा महिने

परदेशातल्या लांब मुक्कामात नवलाई एकदम संपत नाही, ती टप्प्याटप्प्याने ओसरते. डोळे सर्वांत आधी सरावतात. उंच इमारती, बर्फ, चौकात पोलीस नसतानाही सिग्नलला मुकाट थांबलेल्या गाड्या यांचे कौतुक दोन-तीन आठवडे टिकते. मग हात सरावतात: नळ, कुलूप, शेगडी, दिव्याचे बटण. कानांना त्याहून वेळ लागतो, जिभेला आणखी, आणि मनाचा नंबर शेवटचा. हा क्रम साधारण ठाऊक असला की मुक्कामाची आखणी सोपी जाते. कोणती गोष्ट लवकर अंगवळणी पाडून घ्यायची आणि कोणती मुद्दाम पडू द्यायची नाही, हे निघण्याआधीच ठरवता येते.

वऱ्हाडाला असे मुक्काम नवे नाहीत. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे लोकमान्य टिळकांच्या शिक्षेविरुद्धच्या अपिलासाठी 1908 ते 1910 या काळात विलायतेत होते. पापळचे पंजाबराव देशमुख एडिंबरा आणि ऑक्सफर्ड इथे शिकून 1926 मध्ये परतले. तेव्हा जाणारा हजारांत एखादा असे आणि तो बोटीने जाई. त्याआधी अमेरिकेत वैद्यक शिकायला गेलेल्या आनंदीबाई जोशी 7 एप्रिल 1883 रोजी कलकत्त्याहून निघाल्या त्या 4 जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. म्हणजे वेगळे अन्न, वेगळी भाषा, वेगळे वागणे यांची जवळजवळ दोन महिन्यांची तालीम वाटेतच झाली. आता वऱ्हाडातल्याच मूर्तिजापूरच्या स्टेशनावर रात्रीच्या गाडीत बसलेला माणूस मुंबईहून विमान पकडून तिसऱ्या दिवशी न्यू जर्सीत मुलाच्या घरी चहा पीत असतो. तालमीला जागाच उरलेली नाही. ती घरी, निघण्याआधी, करून घ्यावी लागते.

आज तालुक्याच्या गावातून लांब मुक्कामाला जाणारे मुख्यतः दोन तऱ्हेचे असतात. एक, दोन वर्षांच्या शिक्षणाला जाणारा मुलगा किंवा मुलगी. दुसरे, नोकरीतून निवृत्त झालेले आईवडील. मुलाकडे किंवा सुनेच्या बाळंतपणाला ते जातात आणि प्रवेशाच्या वेळी मिळालेल्या मुदतीप्रमाणे बहुधा सहा महिने राहतात. पहिल्याला जमवून घेण्यावाचून गत्यंतर नसते, म्हणून तो धडपडत का होईना शिकतो. दुसऱ्यांची सगळी कामे मुले करतात, म्हणून त्यांचे शिकणे अडते. सरावाचा खरा प्रश्न या दुसऱ्या गटाचा आहे आणि मार्गदर्शनही त्यांनाच कमी मिळते.

अपूर्व गोष्ट रोजची का होते, याचे कारण साधे आहे. मेंदू जे पुन्हा पुन्हा आणि निरुपद्रवी दिसते त्याकडे लक्ष देणे बंद करतो. ही काटकसर नसती तर रस्ता ओलांडतानाच माणूस थकून गेला असता. याचा दाखला मूर्तिजापुरातच आहे. अचलपूर आणि यवतमाळ या दोन दिशांना जाणारी नॅरोगेजची शकुंतला लांबून येणाऱ्या रेल्वेप्रेमींना नवलाची वाटे. मँचेस्टरला बांधलेले तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत धावत होते. गावाला मात्र ती सकाळी सुटणारी, उशिरा पोचणारी, शेतातून हात केला तर थांबेल अशी गाडी होती, आणि तिचा फोटो काढावा असे कोणाच्या मनात येत नसे. ती बंद पडल्यावर लोक तिच्याबद्दल बोलू लागले. परदेशातही नेमके हेच घडते, फक्त उलट्या बाजूने: पाहुणा रेल्वेप्रेमी म्हणून उतरतो आणि दोन महिन्यांत गावकरी होतो. यात वाईट काही नाही. नवलाई संपल्याशिवाय त्या जागी राहता येत नाही, तोवर नुसते पाहणेच चालते.

सरावाची सुरुवात शरीरापासून होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे घड्याळ उन्हाळ्यात भारतापेक्षा साडेनऊ तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेदहा, कारण तिथे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे तासभर सरकवतात. झोपेची घडी बसायला आठ-दहा दिवस लागतात. दुपारी झोप आवरावी, सकाळचे ऊन अंगावर घ्यावे, आणि पहिला आठवडा नातवंडांची जबाबदारी अंगावर घेऊ नये. उजेडाचा फरक त्याहून चकवणारा असतो. मूर्तिजापुरात वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांच्यात साधारण अडीच तासांचे अंतर असते. लंडनमध्ये ते पावणेनऊ तासांच्या आसपास जाते. जूनमध्ये रात्री नऊनंतरही ऊन असते, म्हणून जेवणाची वेळ टळते. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दिवस वाया गेल्यासारखे वाटते. ही उदासी थंडीची समजून लोक स्वेटरवर स्वेटर चढवतात. औषध मात्र उजेडाचे असते: डिसेंबरात दुपारी बारा ते दोन या वेळात रोज बाहेर पडायचे, पाऊस असो की ढग. थंडीचे म्हणाल तर मे महिन्यात 45 अंश सोसणाऱ्या अंगाला उणे पाच अंशही सोसतात, कपडे थरांनी घातले आणि कान, तळवे, पावले झाकली तर. आनंदीबाईंना हा धडा महागात पडला. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहत, म्हणून पुढे त्यांनी गुजराती पद्धतीची साडी स्वीकारली. पण फिलाडेल्फियातल्या खोलीतली शेगडी नीट पेटत नसे, त्यामुळे धूर किंवा गारठा यांतले एक निवडावे लागे. आज घरे उबदार आहेत. तरीही पायमोज्यांशिवाय घरभर फिरण्याची वऱ्हाडी सवय पहिल्याच हिवाळ्यात सोडलेली बरी.

हातांचे शिक्षण स्वयंपाकघरात होते आणि तिथे एक वस्तू सगळ्यांची परीक्षा घेते: छताला चिकटवलेला धुराचा भोंगा. मूर्तिजापूरची गृहिणी तिकडच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी सवयीने तेल कडकडीत तापवते, मोहरी टाकते, वर सुक्या मिरच्या आणि हिंग. खमंग वास दिवाणखान्यात पोचेपर्यंत भोंगा किंचाळू लागतो. सून टॉवेल हलवत धावते, नातू कानावर हात ठेवतो, आणि काही इमारतींत खाली अग्निशमन दलाची गाडीही येऊन उभी राहते. बाई इतक्या ओशाळतात की पुढचे आठ दिवस वरणाला फोडणी मिळत नाही. महिन्याभरात मात्र हात आपोआप शिकतो: आधी वरचा पंखा पूर्ण वेगात, मग खिडकी, मग कढई, आच मध्यम, मिरची तेलात न जाळता शेवटी. ठेच्यासाठी मिरच्या कोरड्या तव्यावर न भाजता थोड्या तेलात, झाकण ठेवून परतायच्या. भरताचे वांगे ओव्हनमध्ये भाजायचे, गॅसच्या ज्योतीची चव त्याला येत नाही हे मान्य करूनच. इथवरचा सराव चांगला. याच सरावाची पुढची पायरी धोक्याची असते: भोंग्याला प्लास्टिकची पिशवी बांधणे किंवा त्याची बॅटरी काढून ठेवणे. ही युक्ती अनेक घरांत चालते आणि पाहुण्यांनाही मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. लाकडी घरात झोपलेल्या माणसांना आगीची खबर देणारी तेवढी एकच वस्तू असते. बहुतेक ठिकाणी ती झाकणे नियमांच्या विरुद्धही आहे. कशाला सरावू नये, याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणार नाही.

दिव्याचे बटण अमेरिकेत वर केले की दिवा लागतो, आपल्याकडे खाली. बोटे महिनाभर चुकतात, मग चुकत नाहीत. रस्त्याचे तसे नाही. अमेरिका आणि जर्मनीत वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून रस्ता ओलांडताना आधी डावीकडे पाहावे लागते. पहिल्या आठवड्यात माणूस घाबरून दोन्हीकडे चार वेळा पाहतो आणि सुरक्षित असतो. अपघाताची वेळ नंतर येते, जेव्हा भीती गेलेली असते पण मान अजून जुन्या सवयीने उजवीकडे वळते. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात हे स्वतःला बजावून सांगावे. इंग्लंडमध्ये वाहने आपल्यासारखी डावीकडून जातात, पण जगभरचे पाहुणे गोंधळतात म्हणून लंडनमध्ये अनेक ठिकाणी कोणीकडे पाहायचे ते रस्त्यावरच लिहिलेले असते.

जिभेला सराव हवा कशाला, सगळे बांधून नेऊ, असा घरोघरचा विचार असतो. नेता येते, पण देश पाहून. युरोपीय संघातले देश आणि ब्रिटन भारतातून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे व मांसाचे पदार्थ आणू देत नाहीत. म्हणजे तूप, पेढे, खवा घरीच राहिलेले बरे. अमेरिकेत खाण्याची प्रत्येक वस्तू विमानतळावरच्या कागदावर किंवा विचारल्यावर जाहीर करावी लागते. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात; लपवलेली सापडली तर दंड होतो. भाजलेला मसाला, तिखट, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी एवढे पुरते. ज्वारीचे पीठ मोठ्या शहरांतल्या भारतीय दुकानांत मिळते, मात्र ते बरेचदा जुने असते आणि भाकर थापताना कडा फाटतात. गरम पाण्यात उकड काढून मळले की जमते. सांबार, म्हणजे कोथिंबीर, सगळीकडे मिळतो, पण आपल्याकडे भाजीवाला तो फुकट टाकतो तसा नाही. तिथले खाणे आठवड्यातून दोन दिवस ठरवून खावे. जर्मनीत गेलेल्या विद्यार्थ्याला हे पहिल्याच रविवारी कळते: त्या दिवशी दुकाने बंद असतात आणि शनिवारी बाजार न केलेला मुलगा बिस्किटांवर दिवस काढतो. दुसऱ्या महिन्यात तोच मुलगा पंचवीस सेंट परत मिळावेत म्हणून रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन यंत्रापुढे रांगेत उभा असतो, आणि आपण काही वेगळे करतो आहोत असे त्याला वाटतही नाही.

पैशांचा सराव दोन टोकांनी फसतो. सुरुवातीला प्रत्येक किमतीला रुपयांनी गुणले जाते. एका कॉफीत गावी घरभर नाश्ता झाला असता, हा हिशेब बरोबर असला तरी निरुपयोगी आहे. त्याने माणूस केस कापणेही पुढे ढकलतो. मग एक दिवस गुणाकार थांबतो आणि त्याबरोबर हिशेबही. जर्मनीचा विद्यार्थी व्हिसा घेताना बंद खात्यात वर्षाची रक्कम दाखवावी लागते. सप्टेंबर 2024 पासून ती 11,904 युरो आहे, म्हणजे महिन्याला 992. तुलना रुपयांशी करू नये, या 992 शी करावी. चार युरोची कॉफी रोज घेतली तर महिन्याचा आठवा हिस्सा गेला, हे गणित डोक्यात राहते. घरी शेतीवर किंवा कर्जावर मुलाला पाठवले असेल तर पालकांनीही रुपयांतले आकडे रोज ऐकवू नयेत. महिन्याला एकदा विचारले तरी पुरे.

मनाची गोष्ट उशिरा येते आणि बहुतेकांना बेसावध गाठते. ब्राझीलमध्ये काम करणारे मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्ग यांनी 1954 मध्ये रिओ द जानेरो येथील एका व्याख्यानात परक्या संस्कृतीत राहणाऱ्यांच्या अवस्था मांडल्या: आधी मधुचंद्र, मग चिडचिड आणि खचणे, मग सावरणे, मग रुळणे. दुसऱ्या अवस्थेची त्यांनी दिलेली लक्षणे आजही ओळखीची वाटतात: सारखे हात धुणे, पिण्याच्या पाण्याची नको इतकी काळजी, आपल्याला फसवले जाते आहे असा संशय, क्षुल्लक उशिरावर संताप, शून्यात नजर, आणि घरची तीव्र ओढ. पुढच्याच वर्षी स्वेरे लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या 200 नॉर्वेजियन अभ्यासकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सहा महिन्यांच्या आत परतलेले आणि दीड वर्षाहून अधिक राहिलेले समाधानी होते. मधल्या मुदतीचे सर्वांत अस्वस्थ. नंतरच्या संशोधकांनी मनाच्या या चढउताराबद्दल शंका घेतल्या आहेत आणि त्या रास्त आहेत, कारण अनेकांना पहिलेच आठवडे सर्वांत जड जातात. तरी उपयोगाची गोष्ट एवढी की चौथ्या महिन्यात आलेली मरगळ म्हणजे जाण्याचा निर्णय चुकला असे नव्हे. ती टप्प्याचा भाग आहे. त्या काळात मोठे निर्णय घेऊ नयेत. शिक्षण सोडणे, तिकीट अलीकडे ओढणे, सुनेशी जुना हिशेब काढणे हे तेव्हाच सुचते. मरगळ महिन्याच्या वर टिकली, झोप-भूक गेली, तर मात्र ती सरावाची बाब राहत नाही. विद्यापीठांत समुपदेशक असतात; वडीलधाऱ्यांनी मुलाला स्पष्ट सांगावे आणि डॉक्टर गाठावा.

आईवडिलांच्या बाबतीत या मरगळीचे नाव शांतता असते. मूर्तिजापूरच्या घराचे दार दिवसभर उघडे असते. दूधवाला, पेपरवाला, शेजारची काकू, मंदिराचा भोंगा, मालगाडीची शिटी. न्यू जर्सी किंवा डॅलसच्या उपनगरात सकाळी आठला मुलगा-सून कामाला गेले की संध्याकाळी सहापर्यंत फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येते. रस्त्यावर माणूस दिसत नाही. गाडी चालवता येत नाही, म्हणून हायस्कूलचे मुख्याध्यापक राहिलेले गृहस्थही दोन किलोमीटरवरच्या दुकानासाठी मुलाच्या सुटीची वाट पाहतात. ही शांतता कानांना दोन महिन्यांत सवयीची होते, आणि धोका तिथेच आहे. माणूस बाहेर जाणे सोडतो, दिवसभर फोनवर गावच्या ग्रुपमध्ये राहतो, शरीर डॅलसला आणि दिवस मूर्तिजापूरच्या वेळेचा. यावर उपाय पहिल्या पंधरवड्यातच करावा लागतो, नंतर उठायचा उत्साह राहत नाही. सार्वजनिक वाचनालयाचे कार्ड मुलाच्या पत्त्यावर काढता येते का ते विचारावे. अनेक वाचनालयांत इंग्रजी बोलण्याचे मोफत वर्ग असतात. ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्याने फिरावे. कुत्रे फिरवणारे तीन शेजारी रोज दिसू लागतात, आधी हसणे, मग कुत्र्याचे नाव, मग हवामान. तिथली ओळख बहुधा एवढीच वाढते आणि तेवढी पुरेशी समजावी. जवळच्या शहरात महाराष्ट्र मंडळ असेल तर गणपतीपर्यंत थांबू नये. गावाशी बोलण्याची वेळ दिवसातून एकच ठेवावी.

काही गोष्टी मात्र कितीही दिवस झाले तरी सवयीवर सोडू नयेत. अमेरिकेत राहण्याची मुदत व्हिसावरची नसून प्रवेशाच्या वेळी दिलेली असते. ती तारीख भिंतीवर लावावी. रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या मूळ वेष्टनात, औषधाच्या मूळ नावासह लिहिलेल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीबरोबर न्याव्यात आणि तब्येत बरी वाटते म्हणून बंद करू नयेत. आरोग्य विमा घेताना जुने आजार त्यात धरले आहेत का, एवढा एकच प्रश्न तीनदा विचारावा. निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्याचे काय, हे निघण्याआधी बँकेत ठरवून घ्यावे. लहान मुलाला दोन मिनिटे गाडीत एकटे सोडणे, रडणाऱ्या परक्या मुलाला उचलून घेणे, शेजाऱ्याला पगार विचारणे, या इथल्या साध्या गोष्टी तिथे साध्या नाहीत.

नवलाई ओसरणार हे नक्की असल्यामुळे ती टिपण्याची मुदतही ठरलेली आहे: पहिले तीन आठवडे. नंतर फोटो काढावासा वाटत नाही आणि लिहायला काही सुचत नाही, कारण दिसेनासे झालेले असते. पंडिता रमाबाईंनी अमेरिकेतल्या मुक्कामानंतर 1889 मध्ये तिथल्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात राज्यकारभार आणि शिक्षणाबरोबर घरे आणि चालीरीतीही आहेत. पुस्तक सगळ्यांनी लिहावे असे नाही. एक शंभर पानी वही पुरते. रोज पाच ओळी, त्याही मतांच्या नकोत. ‘इथले लोक फार शिस्तीचे’ ही ओळ वाया जाते. ‘बस थांब्यावर चार जण होते, चौघांनी वृद्ध बाईला आधी चढू दिले, ड्रायव्हरने उतार खाली केला’ ही ओळ दहा वर्षांनीही वाचता येते. महिना संपल्यावर दर रविवारी एक प्रश्न लिहावा: या आठवड्यात कशाचे नवल वाटणे बंद झाले? सरावाचा आलेख यातून आपोआप तयार होतो.

परतीची तयारी कोणी करत नाही, आणि तीच सर्वांत आवश्यक असते. जॉन आणि जीन गुलाहॉर्न या दांपत्याने 1963 मध्ये दाखवले की घरी परतल्यावर तोच चढउतार पुन्हा होतो. सहा महिन्यांनी मूर्तिजापूरला उतरलेल्या माणसाला हॉर्न, धूळ, मोकाट गुरे, कचऱ्याचा ढीग हे सगळे पहिल्यांदा दिसल्यासारखे दिसते. ते खोटे दिसत नसते. तेच खरे असते, जाण्याआधी सवयीने झाकले गेलेले. मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडे वाढलेले गाडगे महाराज परदेशी न जाता हे सगळे पाहू शकत आणि हातात खराटा घेत. परदेशातून आलेल्यांपैकी बहुतेक जण फक्त बोलतात. ‘तिकडे असे नसते’ हे वाक्य पहिल्या दिवशी लोक कौतुकाने ऐकतात, तिसऱ्या दिवशी सोसतात, आठव्या दिवशी वाट बदलतात. ते बोलण्यापेक्षा वहीत लिहावे, आणि त्यांतले एखादे काम आपल्या दारापुरते करून टाकावे: ओला-सुका कचरा वेगळा, रांगेत स्वतः थांबणे, उशीर होणार असेल तर आधी फोन. ही संधी दोन-तीन आठवडेच असते. मग हॉर्न ऐकू येत नाही आणि ढीग दिसत नाही.

वहीची शेवटची पाने कोरी ठेवून त्यांवर उपयोगाच्या नोंदी कराव्यात: कोणते औषध कमी पडले, कोणते कपडे उगाच नेले, विमानतळावर काय विचारले, कोणत्या दुकानात पीठ ताजे मिळाले, मुलाच्या घरचा भोंगा कोणत्या पदार्थाला वाजला. दुसऱ्या खेपेला याच पानांमुळे महिन्याचे काम आठवड्यावर येते. स्वतःची दुसरी खेप होणार नसेल तर ती वही गल्लीतल्या पुढच्या जाणाऱ्याला द्यावी.